घाटाखालचा भित्रा मिस्त्री

कुठलीही गाडी दुकानापुढं उभी राहिली की तो आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, “भ्याव वाटस माले.” मग पाना उचलायचा.

अक्कलकुव्यात सगळे त्याला भित्रा मिस्त्री म्हणत. ‘आत्ता करून देतो’ म्हणणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील. हा त्यातला नव्हता. आवळलेला नटसुद्धा तीनदा चाचपायचा. स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीत बसायचं मात्र नाव काढायचा नाही. आम्ही ड्रायव्हर लोक त्याला फिदीफिदी हसायचो.

मी तेव्हा एका लाकूड-ठेकेदाराची जुनी मोटार चालवायचो. बिऱ्हाड घाटावरच्या लाकडाच्या डेपोत होतं. एका उन्हाळ्यात गाडीनं खोड काढली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच नाही, मग खालून ‘खट्ट’, आणि गाडी लाथ बसल्यासारखी पुढं उडायची. कार्बोरेटरमध्ये कचरा असेल म्हणून मी तो तीनदा धुतला. शेवटी गाडी त्याच्याकडे आणली.

त्यानं अ‍ॅक्सिलरेटरच्या सळईचा ढिला सांधा बसवला. झटका कमी झाला, ‘खट्ट’ गेलं नाही. मग इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवायला लावली, चाकांना दगड लावले आणि खाली शिरला. मीही वाकून बघत होतो. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आणि त्याचा सांधा, दोन्हींवरून त्यानं खडूनं एकच रेघ ओढली आणि शाफ्ट हातानं पिळला. रेघ तुटली. मध्ये अंगठा मावेल एवढं अंतर पडलं. सांध्यातला क्रॉस, म्हणजे शाफ्ट जोडणारा चार टोकांचा लोखंडी तुकडा, झिजला होता.

“उतारवर न्यूट्रल करस ना तू?” त्यानं खालूनच विचारलं.

“नही.”

“मंग क्रॉस एकाच अंगे कसा झिजना?”

पेट्रोल वाचवायला आम्ही सगळेच न्यूट्रलमध्ये घाट उतरायचो आणि पायथ्याशी धावत्या गाडीला गिअर हाणायचो. तो दणका दर वेळी त्या एवढ्याशा लोखंडावर बसायचा. ब्रेकही त्यापायीच जळाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवा क्रॉस सुरतेहून यायचा होता. तोवर गाडी हलवायची नाही, असं त्यानं बजावलं, म्हणून मी रात्री दुकानातच झोपलो. दुसऱ्याच सकाळी डेपोवरचा एक मजूर घाट उतरून धावत आला. माझ्या बायकोला सातव्या महिन्यातच रक्त जायला लागलं होतं. बैलगाडीनं ती दवाखान्यापर्यंत जगली नसती.

“मिस्त्री, मन्ही बायको वर शे,” एवढंच मला बोलता आलं, बाकीचं त्या मजुरानं सांगितलं.

तो गाडीखाली गेला. क्रॉस काढून, झिजलेली बाजू उलटीकडे जाईल असा पालटून बसवला. हात पुसत बाहेर आला. आता तो घाबरल्याचं सांगणार, असं मला वाटलं.

“काही व्हत नही,” तो म्हणाला. “चाल, मी बी येस.”

डेपोवरून तिला घेऊन घाट उतरताना बायको मागच्या सीटवर गुंगीत पडली होती. मिस्त्री तिच्या पायांशी खाली बसला, शाफ्टवरच्या पत्र्याला दोन्ही तळहात टेकून. क्रॉस तुटला तर गिअरचा आधार जाणार होता, आणि ब्रेक नावालाच उरले होते. एवढी भीती मला जन्मात कधी वाटली नाही. तिसऱ्या वळणावर मोठा उतार लागला आणि माझा हात सवयीनं गिअरच्या दांड्याकडे गेला. मागून तेलकट पंजा आला, त्यानं माझा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला.

बायको वाचली. मूल वाचलं नाही.

संध्याकाळी त्यानं क्रॉस उघडला. एक टोक तुटून त्याच्या तळहातावर पडलं.

“मी तुले खोटं सांगं,” तो म्हणाला. “टिकी का नही, माले माहीत नव्हतं.”

महिन्याभरात त्यानं दुकान मोडलं आणि तापीकाठी केळीवाल्यांची पाण्याची इंजिनं दुरुस्त करायला गेला. “इंजिन जागावर ऱ्हास,” जाताना एवढंच म्हणाला.

बायकोला त्याला एकदा भेटायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत आम्ही दोन वर्षांनी तापीकाठच्या त्याच्या गावी गेलो. तो पावसाळ्यात तापानं गेला होता. त्याच्या खोलीत दुसरंच कुटुंब राहत होतं. घाटातल्या त्या गुंगीत बायकोनं त्याला धड पाहिलंही नव्हतं. परत निघताना तिनं विचारलं, “दिखाले कसा व्हता तो?”

मी सांगायला गेलो, पण त्याचा चेहराच आठवेना. मला फक्त गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय आठवत होते.