कानसेनाशी अबोला

माझ्या मामाला सगळा रस्ता कानसेन म्हणतो. हे नाव लोकांनी ठेवलं की त्यानंच पसरवलं, असं मामीला विचाराल तर ती फक्त नाकानं हसते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणं हा त्याचा तोरा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीच्या पोटाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. गिऱ्हाईक श्वास धरून उभं. मग मामा डोळे उघडणार आणि शिक्षा सुनावल्यासारखा म्हणणार, "पुढच्या शाफ्टचा सांधा गेलाय."

आणि सांधा खरंच गेलेला असायचा.

फक्त एक होतं. कानसेनाला ऐकू येत नव्हतं. डाव्या कानात कायमची सामसूम, आणि उजव्यापाशी ढोल बडवला तर शेजारी कुणीतरी दार वाजवतंय असं वाटायचं. हे ठाऊक होतं मामीला, आणि घरातली म्हणून मला. चाचणीला गाडी मामी चालवायची. मामा मागची चटई उचलून पत्र्याला कान लावून आडवा. डोळा मात्र समोरच्या आरशात. मामी पुटपुटायची, "मागचं बेअरिंग रडतंय." मामा तिचे ओठ वाचायचा आणि खाली उतरून तेच छाती काढून सांगायचा. संसार झकास चालला होता. ऐकायची ती, कानसेन तो.

सोमवारी बिनसलं. मामी एका गिऱ्हाइकाला तेल बदलायचं सांगत होती, तर मामा मध्येच म्हणाला, "तिचं काय ऐकता राव? बायकांना काय कळतंय गाडीतलं!" गिऱ्हाईक खो खो हसलं. मामीनं हात पुसले आणि अबोला धरला.

आता अबोला धरायचा, तर तो समोरच्याला कळायला नको का? मामीनं भांडी आपटली. दार धाडकन लावलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जेवण गार होतंय म्हणावं!" ऐकलं ते भिंतीनं. बुधवारी मामा मला म्हणतो, "मामीचा दात दुखतोय वाटतं. सारखं तोंड मिटलेलं. लवंग दे तिला."

गुरुवारी गुरांची डॉक्टरीण आली. डोंगरावरच्या वस्त्यांत फिरणारी, त्यामुळे गाडी नसली की हातपाय मोडल्यासारखं.

"गाडी घुमतेय हो. तुमच्या कानाबद्दल फार ऐकलंय."

मामा एवढा फुगला की शर्टाचं बटण काळजीत पडलं.

चाचणीला मामी स्टेअरिंगवर, डॉक्टरीण शेजारी, मामा मागे पत्र्यावर. अरुंद वळणावर गाडीनं हिसका दिला, मागून कुणी पदर धरून ओढावं तसा. मामीच्या हातांना तो कळला. तिनं ओठ घट्ट मिटले. मामा आरशात बघतोय, बघतोय. आरशात नुसती मामी. शेवटी उतरला, डोळे मिटले आणि ठोकून दिलं, "मागचं डिफरन्शियल. खोलावं लागेल."

मामीची भुवई वर गेली. तेवढीच.

दुपारी डिफरन्शियल उघडून टेबलावर. आतल्या चक्रांचे दात असे लखलखीत की नवरदेवाचे नसतील.

"यात काय बिघडलंय?" डॉक्टरीण वाकून बघत म्हणाली.

मामानं तिच्या ओठांवरून अर्धंमुर्धं उचललं. "आवाज... जरा सूक्ष्म आहे."

"सूक्ष्म? अहो, गाडी आली की गाई उठून उभ्या राहतात! ते परत बसवा आणि गाडी द्या माझी. मी दुसरीकडे जाते. आणि कानसेनाचा कान कसा आहे, तेही सांगते सगळ्यांना."

मामा मामीकडे वळला. "अगं, बोल ना काहीतरी!"

मामी खांबाला म्हणाली, "ज्यांना गाडीतलं कळतं, त्यांना विचारा म्हणावं."

"फार ठणकतोय का गं दात?"

"दात?" मामी गर्रकन वळली. "अहो, सोमवारपासून अबोला धरलाय मी तुमच्याशी! दात म्हणे!"

"माझ्याशी?" मामा खरंच चकित. "आणि मला सांगायचं नाही होय?"

"त्या गिऱ्हाइकापुढे काय बोललात ते आठवा. तेच उलटं करून या बाईंपुढे म्हणा. मग सांगते गाडीला काय झालंय."

मामानं डॉक्टरिणीकडे पाहिलं, त्या लखलखीत दातांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांचा कानसेन असा भरदुपारी मारायचा? त्यानं मामीला दंडाला धरून जुन्या टायरांच्या ढिगामागे नेलं आणि तिच्या कानात कुजबुजला. आता बहिऱ्याची कुजबुज ती.

"मला ऐकू येत नाही गं! तू सांगतेस तेच मी सांगतो! तुझ्यावाचून मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही! पण त्या बाईला कळू देऊ नकोस!"

समोरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला. कोपऱ्यावरचा शिंपी दारात आला. डॉक्टरीण छताच्या पंख्याचा अभ्यास करू लागली.

मामी ढिगामागून आली ती दुसरीच बाई होऊन. "तुमचा एक टायर नवा कोरा आहे आणि तीन झिजलेले."

"पंक्चर झाला होता, म्हणून एकच बदलला."

"तिथंच चुकलं. चाकं लहानमोठी झाली की चौघं आपापसात भांडतात, आणि ताकद वाटून देणारी मधली पेटी भरडली जाते. म्हणून घुमते, म्हणून वळणावर अडते. चारही सारखे घाला. मी पेटीतलं जळकं तेल काढते, प्लेटा तपासते. मग जा डोंगरावर."

डॉक्टरिणीनं किल्ली तिच्या हातात ठेवली. मामाकडे ढुंकूनही न बघता.

मामा घाईघाईनं मामीजवळ आला आणि उजवा कान तिच्या तोंडाला लावला. "सांगितलं नाहीस ना तिला?"

ते त्याला ऐकू जायचं, तर एकच उपाय होता. मामीनं छातीभर श्वास घेतला.

"नाही हो!" ती ओरडली. शिंप्यानं कानावर हात ठेवले. "मी कशाला कुणाला सांगतेय!"