एक रियालाची कपात

आधी माफी मागते. माझं अक्षर चिखलातून कोंबडी चालून गेल्यासारखं येतं, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि मला तरीत बसायची भीती वाटायची, म्हणून शिक्षण तिथेच थांबलं. ही वही मुलीची आहे, तिच्या नववीच्या सिव्हिक्सची. मागची पानं कोरी राहिली होती, ती मी घेतली. मुलीला मराठी वाचायला वेळ लागतो, त्यामुळे माझ्या चुका तिला सापडणार नाहीत. दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायचा माझा विचार नाही.

वहीच्या पुढच्या अर्ध्या भागात संसद आहे. गेल्या वर्षी मुलीच्या शाळेत मुलांची संसद भरवायचं ठरलं. मुलीला विरोधी पक्षात टाकलं. ती रडत घरी आली, तिला मंत्री व्हायचं होतं. तयारीसाठी बाईंनी खऱ्या संसदेचे व्हिडिओ बघायला सांगितले होते. ते ती रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून लावायची, कारण आमच्या घरात इंटरनेट तिथेच नीट येतं. मी तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि ऐकायची.

पहिले दोन दिवस मला वाटलं, ही भांडणं आहेत. सगळे एकदम बोलतात, कुणी बाकं बडवतं, आणि उंच खुर्चीवरचा माणूस सारखा "बैठिए, बैठिए" म्हणतो. मग हळूहळू त्यातलं कळायला लागलं. एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आमच्याकडे दवाखान्याची इमारत आहे, इमारतीला रंग आहे, आत नर्स नाही. मंत्र्यांनी उत्तर दिलं की तरतूद केलेली आहे. बाई म्हणाल्या, तरतुदीने इंजेक्शन देता येत नाही. माझी भाकरी तव्यावर करपली. आमच्या तालुक्याचा दवाखाना असाच होता.

त्या बाईंनी सुरुवात मात्र विचित्र केली होती. आरोग्याच्या एवढ्या कोटींच्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत, असं त्या म्हणाल्या. मला हसू आलं. मी मुलीला विचारलं, नर्स पाहिजे तर ह्या पैसे कमी का करतात, आणि तेही शंभरच? मुलीने सांगितलं की ह्याला कट मोशन म्हणतात. शंभर रुपये नावाला असतात. तेवढं मांडलं की आपली तक्रार सगळ्यांसमोर बोलता येते, आणि सरकारला उत्तर द्यावं लागतं. मी विचारलं, मग ते पास होतं का? तिने नाही म्हणून मान हलवली.

"अम्मी, पास होने के लिए नहीं लाते. सुनाने के लिए लाते हैं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण त्याच दिवसांत मलाही काही ऐकवायचं होतं आणि तोंड उघडत नव्हतं.

ह्यांच्या कंपनीने दोन महिने पगार दिला नव्हता. हे एसीचं काम करतात, जेद्दाच्या उन्हात कामाला कमी नाही, पण पगार येईना. इथे सौदीत बायको-मुलांना सोबत ठेवायचं तर माणशी सरकारी फी भरावी लागते. ती भरली की इकामा, म्हणजे राहायचा परवाना, पुढे सरकतो. तीन महिन्यांची फी भरली तरी चाललं असतं, पण त्यातही पंधराशे रियाल कमी पडत होते. नाही भरले तर मी आणि मुलगी गावी, आणि तिची दहावी कुठल्या तरी नव्या शाळेत, मराठी धड वाचता येत नसताना. मुलीला आम्ही सांगितलं नव्हतं. ती आरशासमोर "अध्यक्ष महोदय" म्हणून हात उंचावत होती.

पैसे इमारतीतच होते. अझीझिया भागातल्या आमच्या इमारतीत आपल्याकडच्या बारा बायका आहेत, बहुतेक कोकणातल्या. दर महिन्याला प्रत्येकी वीस रियाल काढायचे आणि ते खजुराच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. डबा पहिल्या मजल्यावरच्या आपांकडे असतो. त्या आम्हा सगळ्यांत मोठ्या. वही तळमजल्यावरच्या सिस्टरकडे असते. त्या साताऱ्याच्या, सरकारी हॉस्पिटलात नर्स आहेत आणि खाडाखोड सहन करत नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: आजारपण, मयत, अचानक गावी जायचं तिकीट. आणि खाली आपांच्या अक्षरात: वर्षातून एकदा ताइफ.

ताइफ म्हणजे आपांचा जीव. डोंगरावरची थंड हवा, गुलाबाच्या बागा. बस महाग पडते, कारण सिस्टर आमच्यासोबत असतात, आणि त्या मुसलमान नाहीत, त्यांना मक्केतून जाता येत नाही, म्हणून आपा बसवाल्याला बाहेरच्या लांब रस्त्यानेच न्यायला लावतात. सिस्टर दरवर्षी म्हणतात, मी राहते, तुम्ही जा. आपा दरवर्षी म्हणतात, मग बसच रद्द.

त्या वेळी डब्यात एकोणतीसशे होते आणि बसचे चौदाशे. मागे पंधराशे उरत होते. मी मागितले असते तर डबा रिकामा झाला असता, आणि दुसऱ्या दिवशी कुणी आजारी पडलं तर? आणि मागायचे कसे? फी वहीच्या पहिल्या पानावर नव्हती. चार वर्षांत डब्याच्या महिन्याच्या बैठकीत मी "चहा आणू?" यापलीकडे काही बोलले नव्हते.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, असरच्या म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर, आम्ही आपांच्या हॉलमध्ये जमलो. सिस्टरने वाचलं, ताइफची बस, चौदाशे, कुणाचं काही म्हणणं? ह्याच्यानंतर लगेच चहा येतो. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाले, "चौदाशेतून एक रियाल कमी करावा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं होतं, एवढं म्हटलं की समोरून आपोआप विचारतील, का बरं? संसदेत तसंच होतं. पण आपा संसद बघत नाहीत. त्यांचा चेहरा उतरला.

"बाय, गेल्या वर्षी बसवाल्याची पावती मी सगळ्यांना दाखवली होती. एक रियाल मी खाल्ला, असं म्हणायचंय तुला?"

हे माझ्या मनातही नव्हतं. मी नाही-नाही म्हणेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या भाभीने पर्स उघडून रियाल माझ्या मांडीवर ठेवला. "घे गं, माझ्याकडून. चहा तरी येऊ दे."

हशा झाला. माझे कान गरम झाले. उठून पळावं असं वाटलं, पण दाराजवळ सगळ्यांच्या चपलांत माझ्या कुठे होत्या ते दिसेना. मग मी रियाल परत केला आणि म्हणाले, "रियाल नको. मला बोलायचंय. एक रियाल कापा म्हटलं की बोलू देतात."

"कुठे देतात?" सिस्टरने विचारलं.

"पार्लमेंटमध्ये."

पुन्हा हशा झाला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन वहीवर आडवं ठेवलं. "मग बोला, ताई. सभागृह ऐकतंय."

मी बोलले. पगार, फी, पंधराशे, मुलीची दहावी. दान नको, उसने पाहिजेत, हेही सांगितलं. किती वेळ बोलले माहीत नाही. मुलगी म्हणते तसं कुणाच्या डोळ्यांत बघून नाही, गालिच्याच्या फुलाकडे बघून बोलले.

त्यानंतर जी चर्चा झाली तिला अध्यक्ष हवा होता. भाभी म्हणाली, आज हिला दिले तर उद्या माझ्याही नवऱ्याचा पगार अडकेल, मग मला नाही कसं म्हणणार? कुणी म्हणालं, फी काही आजारपण नाही. दुसरी म्हणाली, घरी परत पाठवणं आजारपणापेक्षा कमी आहे का? आपा म्हणाल्या की डबा अडीअडचणीसाठी आहे हे खरं, पण ज्या बायका वर्षभर चार भिंतींत असतात त्यांना एक दिवस हवा खायला मिळणं हीसुद्धा अडचणच आहे, आणि त्याची तरतूद आधीपासून आहे. तरतूद हा शब्द ऐकून मला दवाखान्याचा रंग आठवला, पण आपांचं म्हणणं खोटं नव्हतं. मीही त्या बसची वर्षभर वाट बघायची.

शेवटी सिस्टरने गणित सांगितलं. दोन्ही दिले तर डबा रिकामा, आणि रिकामा डबा ठेवून त्या रात्रपाळीला जाणार नाहीत. दोन्हींतलं एक निवडा. आणि उसने दिलेच तर नियम लिहायचा: सहा महिने, दर महिन्याला अडीचशे, आणि हा नियम ह्यापुढे सगळ्यांना लागू. हात वर करायला सांगितलं. मी माझा हात मांडीखाली दाबून ठेवला. सात हात वर झाले. विरोधात चार, त्यात पहिला आपांचा.

मग त्याच उठल्या, आतून डबा आणला आणि पैसे मोजून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "मत मी विरोधातच दिलंय, लक्षात ठेव. आता फी भर आधी, इकामा संपायला दिवस किती राहिलेत?"

दिवस नऊ राहिले होते. ह्यांनी दुसऱ्या दिवशीच भरली.

ताइफऐवजी आम्ही समुद्रावर गेलो. भाकऱ्या आणि तळलेली मच्छी माझ्याकडून. आपा तिथे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की इथे गुलाब कुठे दिसत नाहीत. नंतर त्यांनी सहा भाकऱ्या खाल्ल्या.

मुलीला हे सगळं भाभीच्या तोंडून कळलं. तिची संसद तोपर्यंत झाली होती आणि तिचं कट मोशन नियमाप्रमाणे पडलं होतं. ती दारातच म्हणाली, "आपने मोशन लाया? और पास हो गया?" मी सांगितलं, एक रियाल कापलाच नाही कुणी, बसच कापली. तिला हे पटलं नाही. पद्धत चुकली म्हणाली.

ह्यांचा पगार तुकड्या-तुकड्याने आला. मी इमारतीतल्या दोन घरांच्या भाकऱ्या करायला घेतल्या. पाच हप्ते वेळेवर गेले. सहावा गेल्या शुक्रवारी नेला. आपांनी अडीचशे मोजले, पुन्हा मोजले, आणि डब्यात टाकता-टाकता सिस्टरला म्हणाल्या की बसवाल्याला आत्ताच फोन करून ठेव, गुलाबाच्या दिवसांत तो भाव वाढवतो. सिस्टरने वही माझ्याकडे फिरवली. माझ्या नावापुढे सहा आकडे होते, एकही खाडाखोड नाही. त्यांनी खाली "पूर्ण फेड, खलास" असं लिहिलं आणि मला सही करायला सांगितलं. मी सावकाश केली.