वाढत्या अंगाची सायकल

अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या त्या सायकलवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. नऊ वर्षांच्या मुलीसाठी माउंटन बाइक घ्यायला गेलो होतो. बोलताना तो सारखा फडक्याने हँडल पुसत होता. मुलगी मोठ्या सायकलवर बसली, पण तिचे चवडेही जमिनीला टेकेनात.

"भिया, ही नका घेऊ. लहान घ्या," तो भावाच्या नात्याने म्हणाला.

"वाढतं अंग आहे हो. दरवर्षी कोण सायकल बदलत बसेल?"

त्याचा हात थांबला. मुलीला त्याने आत घंटी निवडायला पाठवलं आणि पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. खाली प्लास्टिकचा पाय होता.

"आमचे बाबा पण हेच बोलले होते. दहा वर्षांचा होतो मी. ब्रेक मारला, पाय टेकलाच नाही, पडलो, पाय सीधा बसखाली आला." त्याचा आवाज शांत होता. "सायकल नाही बदलावी लागली. हा पाय मात्र बाबांना दरवर्षी बदलावा लागला. मी वाढत होतो ना."

मी लहान सायकलीकडे बोट दाखवलं.

त्याने पँट खाली केली, पाना उचलला आणि मुलीला हाक मारली, "ये बेटा, सीट तुझ्या मापाची करू."