काळ्या चिलखतातला चुलता

त्या खेळातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा नायकाचा आजोबा नसून गाव जाळणारा हरामखोर होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर आम्ही दोघं त्याच्या असंख्य वेळा पाया पडून मोकळे झालो होतो.

दोघं म्हणजे मी आणि माझा मामेभाऊ. तो माझ्यापेक्षा मोठा, म्हणून दादा. मामाचं घर पाचोडजवळ, शेती बऱ्यापैकी, पण दादा शाळेसाठी आमच्याकडं गारखेड्यात राहायचा. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. आता ते बदललंय. नळाचं पाणी तेवढं तेव्हापेक्षा उशिरा येतं.

माझ्या वडिलांनी पैठण गेटवरून आम्हाला टीव्ही गेम आणून दिला होता. सोबत एक पिवळी कॅसेट होती, तिच्यावर तलवार घेतलेला पोरगा. मारामारीची लई भारी गेम आहे, असं दुकानदारानं सांगितलं होतं. लावून बघितली तर मारामारी कमी आणि वाचायचंच जास्त. तेही जपानीत. प्रत्येक माणूस भेटला की पडद्याच्या खाली एक चौकट उघडायची आणि तिच्यात मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरं चालत यायची. मी रडायच्या बेतात होते.

दादा म्हणाला, "थांब. मी वाचतो."

आणि त्यानं वाचलं. मुंग्यांकडं बघून, भुवया आवळून, मधे दम घेऊन. एखादा तलाठी जुना कागद वाचतो तसं.

"हा म्हातारा त्याचा आजोबा हाय. म्हणतोय, पोरा, तुझ्या चुलत्यानं बांध कोरला. हद्दीचा दगड उचलून नेला. जा, घेऊन ये."

बांध कोरला म्हणजे नांगरताना शेजाऱ्याच्या हद्दीत घुसून थोडी थोडी जमीन खाल्ली. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, एखादा भयंकर शाप असेल. त्यापुढं सगळी गोष्ट दादाच्या हिशेबानं चालली. राजवाड्यातला राजा म्हणजे तहसीलदार. तो दर वेळी उद्या या म्हणायचा. जंगलात अंगावर येणारे निळे गोळे म्हणजे भावकी. आणि पुलावर उभा राहून वाट अडवणारा, काळ्या चिलखतातला तो उंच माणूस म्हणजे चुलता. तो दिसला की दादाचा आवाज बदलायचा. "ह्याला सोडायचं नाय," असं तो दातओठ खाऊन म्हणायचा, आणि चुलता दोन फटक्यांत आम्हाला मारून टाकायचा.

कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय बिघडलेली होती. मेलं की पुन्हा गावापासून सुरुवात. पुन्हा आजोबांसमोर जाऊन बटण दाबायचं, पुन्हा मुंग्या. "पाया पड," दादा सांगायचा, "म्हणतोय, जिंकून ये." पूल आम्ही कधीच ओलांडला नाही.

दादा आता खुलताबादच्या रस्त्याला प्लॉट विकतो. ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नाही तिथं उभा राहून तो गिऱ्हाइकाला बगीचा दाखवतो, पोहण्याचा तलाव दाखवतो, आणि गिऱ्हाइकाला ते दिसतं. लहानपणीचं शिक्षण वाया गेलं असं कोणी म्हणू नये.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मध्यंतरी मोबाईलवर एक चित्र समोर आलं: तलवार घेतलेला तोच पोरगा. फक्त आता त्याला नाक होतं. आमच्या वेळी त्याला नाकच नव्हतं. खाली लिहिलेलं, की तो जुना खेळ नव्यानं बनवलाय, इंग्रजीत, सगळ्या पात्रांना आवाज देऊन. मी खेळ मागवला आणि तो चालवायचं यंत्रही मागवलं. नवऱ्यानं खोका बघितला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "उत्तरपत्रिका तपासून झाल्या का?"

नव्यानं बनवणं म्हणजे काय, ते मी सांगते. आधी ज्या झाडाला हिरवे तीन ठिपके होते त्याला आता पान न् पान असतं, आणि प्रत्येक पान वाऱ्यावर हलतं, कारण ते बनवायला माणसं बसवलीत आणि ते तुम्ही बघितलंच पाहिजे. नायक दार उघडण्याआधी दाराकडं बघून सुस्कारा सोडतो. दार उघडल्यावर आठवणीनं व्याकूळ होतो. कुठं जायचं ते दाखवायला जमिनीवर सोनेरी रेघ. तरीही चुकलात तर सोबतची मुलगी लाडात सांगते की रस्ता तिकडं आहे. गावाच्या चौकात दगडी कारंजं, त्यातून पाणी उसळतंय, वाहून चाललंय, कोणी बादली लावत नाही. त्या कारंज्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. आमच्या सोसायटीत टँकरची वाट बघत होते.

इंटरनेटवर जुने भक्त रडत होते की मूळ खेळाचा आत्मा गेला. आत्म्याचं मला माहीत नाही. आमच्या कॅसेटमध्ये तो फुंकर मारल्याशिवाय यायचा नाही.

मी दादाला फोन केला. रविवारी तो आला, पांढरी गाडी, पांढरा शर्ट, दोन्हींना इस्त्री. सोबत वहिनी. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि दादाच्या बोलण्यातलं खरं किती हे त्यांना न विचारता कळतं. सोफ्यावर बसता बसता दादा माझ्या नवऱ्याला म्हणाला, "दाजी, ही गेम मी हिला वाचून दाखवलेली. जपानीतून."

नवरा म्हणाला, "असं का," आणि वर्तमानपत्र उघडलं.

खेळ सुरू झाला. पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला. आता त्याला सुरकुत्या होत्या, खोल आवाज होता. खाली इंग्रजीत अक्षरं उमटली: काळा सरदार पवित्र स्फटिक घेऊन पळाला आहे, तो मला आणून दे.

"भाषांतर चुकलंय," दादा लगेच म्हणाला.

"काय चुकलंय?"

"स्फटिक कुठून आला? हद्दीचा दगड हाय तो. आणि 'मला आणून दे' असं आजोबा म्हणतच नाय. इंग्रजीवाल्यांनी घातलंय."

मी आवाजाची भाषा बदलून जपानी केली. दादा डोळे मिटून, मान डोलवत ऐकू लागला. मैफलीत बसल्यासारखा. नायक म्हाताऱ्याला काहीतरी म्हणाला आणि वहिनी चहाचा कप खाली ठेवून बोलल्या, "ओजीऽसान म्हणतोय."

आम्ही सगळे त्यांच्याकडं वळलो. नवऱ्यानंसुद्धा वर्तमानपत्र खाली केलं.

वहिनींचं माहेर फर्दापूर. त्यांच्या वडिलांचं लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत दगडांचं आणि माळांचं दुकान होतं. लेणी बघायला जपानी प्रवासी यायचे, आणि दुकानात बसणारं घरातलं प्रत्येक पोर थोडंफार जपानी बोलायचं. या, बसा, बघायला पैसे पडत नाहीत, स्वस्त आहे, हा शेवटचा भाव. एवढंच. पण दादाच्या जपानीपेक्षा ते तेवढंही जास्तच होतं.

"म्हणजे तुम्हाला येतं!" मी म्हणाले. "आणि दादानं लग्नाच्या वेळी..."

"बघायला आले तेव्हा म्हणले होते, मला जपानी येतं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मी विचारलं, बोला. तर बोलले. पाच मिनिटं बोलले. एक शब्द खरा नव्हता. बाबा हसून हसून आत गेले. मला वाटलं, एवढ्या गंभीर तोंडानं थापा मारणारा माणूस उपाशी तरी मरणार नाही."

दादानं ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "ओजीऽसान म्हणजे काय?"

"आजोबा."

"बघ!" त्यानं गुडघ्यावर थाप मारली. "मी काय म्हणलो होतो? आजोबाच हाय तो!"

"कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणतात, अहो. आमच्या बाबांनापण म्हणायचे."

पण दादाला आता थांबवणं शक्य नव्हतं. त्यानं माझ्या हातातलं रिमोट काढून घेतलं आणि सरळ कोपऱ्यातल्या पहिल्या निळ्या गोळ्याकडून मार खाऊन मेला. दुसऱ्यांदाही मेला. मग मी खेळ सोपा करून दिला, लहान मुलांसाठी असतो तितका. गोळे आपणहून मरायला लागले आणि दादाची छाती पुन्हा फुगली. वहिनी मधूनमधून सांगत होत्या, औषधं जपून वापरा, आधी ढाल घ्या. दुकानात शिरलं की त्या दुकानदाराच्या आधीच 'या, या' म्हणायच्या.

दोन-तीन रविवार असे गेले. मग पूल आला.

काळा सरदार आता फार देखणा बनवला होता. चिलखतावर नक्षी, मागं फडफडणारं कापड, पार्श्वभूमीला शंभर व्हायोलिनं. तो काहीतरी समजावून सांगत होता. दादानं बटण दाबून ते सगळं पुढं ढकललं.

"अरे, काय म्हणतोय ते तरी बघू दे," मी म्हणाले.

"काय म्हणणार? चुलते एकच म्हणतेत."

तो लढला. घामाघूम होऊन, सोफ्यावरून खाली उतरून, मांडी घालून. प्रत्येक वाराला ओरडत होता, "कोर! कोर बांध! घे!" माझा नवरा दार लावून आला, शेजारी काय म्हणतील म्हणून. शेवटी काळा सरदार गुडघ्यावर कोसळला आणि दादानं दोन्ही हात वर केले. एवढ्या वर्षांचं काम झालं होतं.

मग सरदाराचं शिरस्त्राण निघालं. आत पांढरे व्हायला लागलेले केस, दमलेला चेहरा. नायक त्याच्याकडं धावला आणि त्याला मांडीवर घेऊन ओरडला. तोच शब्द, पण जरा वेगळा.

"आजोबा म्हणला का ह्याला?" दादानं विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "ते लांबवून म्हणायचं असतं. हे आखूड आहे. ओजिसान. काका."

"मी म्हणलो नव्हतो? चुलता हाय म्हणून!" दादा ओरडला. इतका आनंद त्याला एखादा प्लॉट विकला जाऊनही होत नसेल.

"आहे. खाली वाचा."

खाली इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी मोठ्यानं वाचलं. म्हाताऱ्याच्या हाती लागू नये म्हणून काकानं तो दगड लपवला होता. पोरगा मागं येईल, आपल्याला वैरी समजेल, हे ठाऊक असूनही. एवढं सांगून काका मेला. लगेच गावातला म्हातारा आला, नायकाच्या हातातला दगड काढून घेतला, आवाज न चढवता हसला आणि गाव पेटवून दिलं. कारंजंही गेलं.

दादानं रिमोट खाली ठेवलं.

"बदललंय," तो म्हणाला. "नवीन करायचं म्हणून काहीबी करतेत."

मी मोबाईलवर शोधलं. रडणाऱ्या भक्तांनी याबाबतीत एकमतानं समाधान व्यक्त केलं होतं: गोष्ट जशीच्या तशी ठेवलीय. "मूळ खेळातही असंच होतं," मी म्हणाले.

"मग तवा आपण..."

"आपण पूल ओलांडलाच नाही ना, दादा."

आता इथं धाकट्या मामाविषयी सांगायला हवं. तो दादाचा चुलता. मामाच्या आणि त्याच्या शेताच्या मधे एक बांध आहे, आणि त्या बांधावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं ते दादा शाळेत असतानाच. दादा आमच्याकडं चांगल्या शाळेसाठी राहतो असं मला सांगितलेलं. शाळा चांगली नव्हतीच. घरात रोजची हाणामारी पोरानं बघू नये म्हणून माझ्या आईनं त्याला आणलं होतं. तो जे वाचून दाखवायचा ते त्यानं तिथं रात्रंदिवस ऐकलेलं होतं. आणि आमच्या खऱ्या आजोबांनी त्याच बांधावर उभं राहून एका पोराला एक आणि दुसऱ्याला दुसरं कबूल केलं होतं, हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्यांना तर पक्कं माहीत आहे. खेळ लिहिणाऱ्या जपान्यांना पाचोडचं कोणी सांगितलं, हे मात्र मला माहीत नाही.

"धाकट्या काकांना एकदा फोन करा," वहिनी म्हणाल्या.

"गेम येगळी, जमीन येगळी," दादा म्हणाला.

"व्हय, येगळी. म्हणून तर फोन करा म्हणते. इथं मारून टाकलं त्यांना, एवढा आरडाओरडा करून. तब्येत तरी विचारा."

दादा उठला आणि बाल्कनीत गेला. काचेच्या दाराआडून आम्हाला तो दिसत होता आणि बराचसा ऐकूही येत होता. दादाचा आवाज दाराला जुमानत नाही.

"काका, मी बोलतोय... मी. थोरल्याचा... व्हय. तब्येत कशी हाय?... गुडघे?... दवाखान्यात दाखवा की इथं येऊन... नाय, सहज केला... पाऊस काय म्हणतोय?... कापूस बरा हाय का?... कोणत्या तुकड्यातला?... नाय नाय काका, तो तुकडा आपल्याकडं हाय. मोजणीत... कोण म्हणतं?... अहो मोजणीत निघालं होतं!... तुम्ही कोरला म्हणून मोजणी आणावी लागली!..."

त्यापुढं शब्द कळेनासे झाले. खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन वर बघू लागल्या. वहिनी कप गोळा करत होत्या; त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्यानं मला हळूच विचारलं, "मधे पडू का?" मी नको म्हणाले.

फोन बंद झाला. दादा आत आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो सोफ्यावर बसला आणि पाणी प्याला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"शिव्या दिल्या," दादा म्हणाला. "लई दिल्या. आईवरून नाय दिल्या, पण बाकी सगळ्या." मग त्यानं तोंड पुसलं आणि वहिनींकडं बघून, हसू आवरत, म्हणाला, "दिवाळीला या म्हणाला. समोरासमोर द्यायच्यात म्हणे."