हँडलमामा आणि जुन्या फिल्मचा डबा

सिनेमाचा धंदा म्हणजे अत्तर शिंपडलेलं गटार, असं हँडलमामा चारचौघांत म्हणायचे. त्या गटारात त्यांनी सव्वीस वर्षं काढली, तीही राजीखुशीनं, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन होतं.

सुरुवात मेलेल्यांपासून झाली. एका फोटोग्राफरच्या दुकानात ते कामाला होते आणि कुणाच्या घरी माणूस गेलं की शेवटचा फोटो काढायला यांनाच पिटाळलं जाई. मेलेला माणूस हलत नाही आणि माझं नाक असं का आलं म्हणून हुज्जत घालत नाही, एवढंच काय ते त्या नोकरीतलं सुख. मग काचेच्या छपराचा स्टुडिओ निघाला आणि तिथे कॅमेऱ्याला माणूस हवा होता. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवावा लागे. सेकंदाला बरोबर दोन फेरे. जास्त झाले तर पडद्यावर माणसं रेंगाळत, कमी झाले तर माकडांसारखी पळत. समोर तलवारी तुटोत की नायिका बेशुद्ध पडो, मामांचा हात चुकत नसे. म्हणून सगळे त्यांना हँडलमामा म्हणू लागले.

समोर जे चालायचं त्यानं मात्र त्यांना मळमळायचं. नायक कच्चा कांदा खाऊन प्रेमप्रसंगाला उभा राहायचा. राजाच्या झग्याला घामाचा असा दर्प होता की राजा नसतानाही तो झगा दरबारात ओळखू आला असता. फिल्मवरचा थर जनावरांची हाडं उकळून करतात हे कळल्यापासून मामा जेवणापूर्वी तीनदा हात धुवायचे. या सगळ्या घाणीत एकच गोष्ट त्यांना स्वच्छ वाटायची, ती म्हणजे स्टुडिओच्या नायिकेचा, बाईंचा चेहरा.

बाई एकोणिसाव्या वर्षी स्टुडिओत आल्या, बहिणीच्या चपला घालून. पहिल्याच दिवशी गालांना नि ओठांना लाली फासून कॅमेऱ्यासमोर बसल्या.

"धुऊन या ते तोंड!" मामा खेकसले. "ही फिल्म लाल रंगाला आंधळी आहे. लाल ते सगळं काळं येतं. पडद्यावर गालांना खड्डे पडल्यासारखे दिसतील."

बाई मुकाट्यानं धुऊन आल्या. मामांनी स्वतः पिवळा लेप कालवून दिला. आरशात तो चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसे, पडद्यावर मात्र असा उजळे की पुढच्या रांगेतले लोक शिट्ट्या मारायचं विसरत. असे अठरा सिनेमे झाले. बाई आरशाकडे बघेनाशाच झाल्या. "दादा, ठीक आहे?" एवढंच विचारायच्या आणि मामांनी मान हलवली की उभ्या राहायच्या.

पुढे बोलपटाचे वारे वाहू लागले तेव्हा एके दिवशी मालकांनी मामांना खोलीत बोलावलं.

"बसा मामा," मालक अगदी साखर पेरत म्हणाले. "बाई आता चौतिशीच्या झाल्या. आपल्याला नवा चेहरा आणायचाय."

नवा चेहरा रोज मालकांच्याच मोटारीतून उतरतो, हे स्टुडिओतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"मग सांगा त्यांना तसं," मामा म्हणाले.

"मी काढलं तर बोभाटा होईल. लोक अजून वेडे आहेत त्यांच्यासाठी. त्यांनी आपण होऊन जायला हवं." मालकांनी दातांतलं काहीतरी नखानं काढलं, निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंडात टाकलं. "नवी फिल्म आलीय ना, सगळे रंग बघणारी? तिच्यावर चाचणी आहे म्हणावं. लेप नको, साधी लाली लावून या. आणि कॅमेऱ्यात तुम्ही जुनीच भरा."

"मला नाही जमलं तर?"

"तर बोलपटाचा कॅमेरा दुसरा कुणी सांभाळेल. तुम्ही फिल्म धुण्याच्या खोलीत जा. तिथेही माणूस लागतोच."

थुंकायला हवं होतं मामांनी. थुंकले नाहीत. "कधी घ्यायची?" असं विचारलं. हे आपल्याच तोंडातून आलं याची त्यांना शिसारी आली, पण तोवर मालक दुसऱ्या कामाला लागले होते.

चाचणीच्या दिवशी बाई लाली लावून आल्या. कितीतरी वर्षांनी आरशात बघून आल्या होत्या आणि खुशीत होत्या.

"दादा, ही फिल्म आपल्या डोळ्यांसारखं बघते म्हणे? म्हणजे आता मी जशी आहे तशी दिसणार?"

"हो," मामा म्हणाले.

"ठीक आहे?"

मामांनी मान हलवली. हँडल सेकंदाला दोन फेरे फिरलं. एकही चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंसकट आठ जणांसमोर ती फिल्म दाखवली. गाल काजळी धरल्यासारखे, ओठ म्हणजे काळी चीर, आणि डोळ्यांखालची बारीकशी लाली शाईचे डाग होऊन पसरलेली. अंधारात कुणीतरी फिसकन हसलं. मालक चुकचुकले. सगळे मामांकडे वळले. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. ते बोलले नाहीत.

"दादांनी घेतलंय ना?" बाईच म्हणाल्या. "मग असंच असणार."

बाहेर येऊन त्यांनी उलट मामांचीच समजूत घातली. "पंधरा वर्षं तुम्ही हे झाकलंत, दादा. आणखी किती झाकणार?" त्याच आठवड्यात त्यांनी काम सोडलं.

मामांना बोलपटाचा कॅमेरा मिळाला. कॅमेऱ्याची खरखर माइकमध्ये जाऊ नये म्हणून त्यांना कॅमेऱ्यासकट लाकडी खोक्यात कोंडत. आत वारा नाही, पाणी नाही. घाम गाळत, स्वतःचाच वास घेत ते तासन्‌तास बसत आणि काचेतून त्या नव्या चेहऱ्याकडे बघत. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या तोंडात शेण घालावंसं वाटतंय. जाऊन खरं सांगा तिला." नुसतं तिथवर जायला मामांना नऊ वर्षं लागली.

बाई बहिणीकडे राहत होत्या, मागच्या खोलीत शर्टांना कॉलर शिवत. बहिणीनं दारातच मामांना सांगितलं, "घरात आरसा ठेवू देत नाही. भाच्याच्या लग्नात फोटोला उभी राहिली नाही. बाहेर पडायचं तर तोंड झाकून."

मामा बसले नाहीत. उभ्यानंच बोलले. "बाई, डब्यात जुनी फिल्म होती. मालकांनी सांगितलं आणि मी भरली. तुमची लाली काळी आली, दुसरं काही नाही. तुमचा चेहरा तसा नव्हता. कधीच नव्हता. मी नीच माणूस आहे."

बाईंचं मशीन थांबलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसल्या.

"इतकी वर्षं झाली, दादा. तरी माझं मन राखायला खोटं बोलता?"

मामांनी शपथा घेतल्या. डोळ्यांच्या घेतल्या, मुलांच्या घेतल्या.

"बरं बरं," बाई आजाऱ्याशी बोलावं तशा म्हणाल्या, आणि आपला चेहरा मामांना बघावा लागू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून पुन्हा शिवायला लागल्या.