बावीसचं ॲव्हरेज अकरावर कसं आलं

मंडळी, माझ्या छोट्या गाडीचं ॲव्हरेज बावीसवरून अकरावर का आलं, ते आज कळलं.

मी वाळूजला कंपनीच्या बसनं जातो. गाडी फक्त मुकुंदवाडी स्टेशन, नाहीतर भाजी मंडईपुरती. मिस्त्री म्हणाला, "साहेब, फेऱ्या लई छोट्या तुमच्या. इंजिन गरम व्हायच्या आत बंद करता. मग पेट्रोल पिणारच."

पटलं. महिनाभर भाजीसुद्धा पायी आणली. तर ॲव्हरेज आणखीच पडलं! मिस्त्रीशी कडाक्याचं भांडलो.

आज हाफ डे घेऊन दुपारी घरी आलो. कॉलनीत लाइट गेलेली. लिंबाखाली आमची गाडी उभी, इंजिन चालू, काचा बंद. आत अप्पा, म्हणजे माझे वडील, दोन दोस्तांसोबत एसी लावून पत्ते कुटत बसलेले.

बोनेटला हात लावला तर चटका बसला.

"अप्पा, हे रोजचंय का?"

"रोज कशाला? लाइट जाती तवाच. आन् गाडी कुठं नेली का आम्ही? एक किलोमीटर वाढला असंल तर दाखव."

उभ्या गाडीचं ॲव्हरेज कसं काढतात, कुणाला माहीत असेल तर सांगा. सावकाश सांगितलं तरी चालेल. त्यांना चौथा भिडू कमी होता, माझी पानं वाटून झालीत.