खोबरेल लावलेले ब्रेक

काशिनाथअण्णा माझ्या गाडीचा एअर फिल्टर काढायचे आणि सरळ आपल्या खांद्यावरच्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलवर आपटायचे. त्यावर लाल मातीचा हा एवढा ढीग! मग तो टॉवेल माझ्या नाकासमोर धरायचे. "बघ अक्का, आठ दिवसांत गाडीनं खाल्ली ही. तू खातीस का एवढी? मग तिला कामून चारायलीस?" मला रागही यायचा आणि हसूही आवरायचं नाही.

हळ्ळीखेडला बसस्टँडच्या मागे त्यांचं गॅरेज होतं. जन्म ट्रॅक्टर-जीपमध्ये गेलेला. मी शेतासाठी जुनी एटीव्ही आणली, तेव्हा गावात तसलं काही पहिल्यांदाच आलं होतं. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, मागे फवारणीची टाकी. साठी ओलांडलेल्या अण्णांनी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. डोळे असे चमकत होते, काय सांगू! "काय भारी हाय गं ही! हिला दुसऱ्या कुणी पाना लावला तर बघ."

तेव्हापासून दर रविवारी अण्णा शेतावर हजर. चेन ताणायची, ग्रीस भरायचं, चाकांचा एकेक नट आवळून बघायचा. गाडी ठणठणीत असली तरीही. "बिघडल्यावर बोलावशील तर मी येणार न्हाई, आधीच सांगतो," म्हणायचे. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली, पण रविवार उजाडला की अजून त्यांच्या स्कूटरकडे कान लागतात.

गाडी आणली त्या वर्षीची खंडेनवमी मात्र मी जन्मात विसरणार नाही. आमच्याकडे त्या दिवशी विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊन पुजतात. माझी तर स्वतःची पहिलीच गाडी, उत्साह काय विचारता! पहाटे उठून मागची टाकी उतरवली, गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. चाकांमधल्या ब्रेकच्या तबकड्या मळकट दिसत होत्या, म्हणून खोबरेल चोळचोळून चारही लखलखीत केल्या. आई नवं लुगडं नेसून, पूजेचं ताट घेऊन मागे बसलीसुद्धा. माळावरच्या घरापासून उतार थेट विहिरीकडे जातो. विहिरीला कठडा नाही. तिथल्या मोटारीची पूजा करायची होती, आणि आईला या गाडीवर पहिल्यांदाच मिरवायचं होतं.

एवढ्यात अण्णा आले. हार बघून हसले, चाकापाशी वाकले, तबकडीवर बोट फिरवून वास घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"वैनीला खाली उतरव."

"अहो अण्णा, पूजेची वेळ..."

"उतरव म्हणलो ना!"

सणाच्या दिवशी आईदेखत असं खेकसायचं? मी फुरंगटूनच आईला उतरवलं. अण्णांनी किल्ली काढून घेतली, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. "आता ब्रेक दाब. मी ढकलायलोय." मी जीव खाऊन दोन्ही ब्रेक दाबले, पण तेलकट तबकड्यांवर ते धरेचनात; गाडी आपली निघालीच! अण्णांनी चाकाखाली दगड सारला तेव्हा कुठे थांबली.

समोर तो उतार, ती विहीर, आणि मागे आई बसलेली असती. मी ढसाढसा रडले.

अण्णा एक शब्द लागट बोलले नाहीत. "नटवायला गेलीस व्हय? हौस हाय बाबा," एवढंच. तबकड्या पेट्रोलने पुसल्या, तेल प्यालेले ब्रेकपॅड काढून गॅरेजमधून नवे आणून घातले. दोन तास मोडले. पण माझं धाडसच होईना. "अण्णा, मी न्हाई चालवत आता."

त्यावर अण्णा स्वतःच मागे चढून बसले. "चल. मी म्हणलो की दाब."

मी गाडी हळूहळू उतारावर घातली. निम्म्या उतारावर ते गरजले, "दाब!" मी दाबला. गाडी जागच्या जागी थांबली आणि अण्णा धाडकन माझ्या पाठीवर आदळले. "थांबली! बघ अक्का, कशी थांबली!" लहान पोरासारखे ओरडत होते ते. मीही ओरडत होते. वर उभी असलेली आई ताट खाली ठेवून टाळ्या पिटत होती.

मग अण्णा उतरले, चढ चढून वर गेले आणि आईला हाताला धरून गाडीपाशी घेऊन आले.

"बसा वैनी," ते म्हणाले, "मी बसून बघितलोय."